दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : शहरे तीच, मग विमानाचे तास का बदलतात?

नवी दिल्ली – दिल्लीहून निघालेले विमान सॅन फ्रान्सिस्कोला किती तासांत पोहोचते, या साध्या प्रश्नाला गेल्या दहा वर्षांत एकच उत्तर कधीच लागू पडलेले नाही. कधी ते साडेचौदा तास होते, कधी साडेसोळा, आणि वाटेत इंधनासाठी उतरावे लागले तर त्याहूनही बरेच अधिक. या काळात दोन्ही शहरे आपापल्या जागी आहेत. बदलत राहिले ते त्यांच्या मधले आकाश.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे यांच्या परिसरात, म्हणजे ज्याला ‘बे एरिया’ म्हणतात तेथे, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ चे अधिवेशन सॅन होजेतच भरले होते. पुणे, नागपूर, इंदूर किंवा बडोदा येथून मुला-नातवंडांकडे निघालेल्या सत्तरीतल्या आई-वडिलांसाठी चौदा तास आणि वीस तास यांतील फरक हा गुडघ्यांचा, औषधांच्या वेळांचा आणि पुढच्या विमानाच्या जोडणीचा असतो. तो का पडतो हे समजून घ्यायचे, तर आधी अंतर म्हणजे काय, येथून सुरुवात करावी लागेल.

भिंतीवरच्या नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांना पट्टीने जोडले, तर रेघ चीन आणि जपानवरून थेट पॅसिफिक महासागरात शिरते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मात्र दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जपानकडे जातच नाही. तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला, फक्त थोडा पूर्वेकडे कलून निघतो. हिमालय, तिबेट, पश्चिम चीन आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे पोहोचतो, आणि तेथून अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियाला येतो. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट ही अशा वर्तुळाचा भाग असते, ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात. या वाटेने दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. तेच मैलांत सांगितले तर ७,७०० च्या आसपास, आणि वैमानिकांच्या सागरी मैलांत ६,७०० च्या आसपास. एकाच प्रवासाचे तीन निरनिराळे आकडे वाचनात येतात, त्यामागे बहुधा एवढेच कारण असते.

परंतु ही १२,४०० किलोमीटरची वाट फक्त दोऱ्यासाठी मोकळी आहे. विमानासमोर पहिला अडसर दिल्ली सोडताच येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरहून अधिक आहे. प्रवासी विमान दहा-अकरा हजार मीटरवरून उडत असल्याने ते पठार ओलांडणे अवघड नाही. अडचण येते ती काही बिघडले तर. विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाला, तर प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतील प्राणवायू साधारणपणे बारा ते वीस मिनिटे पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाला विमान सुमारे तीन हजार मीटरपर्यंत, म्हणजे माणसाला मुखवट्याविना श्वास घेता येईल अशा उंचीवर, आणावे लागते. तिबेटवर त्या उंचीवर आकाश नसते, जमीन असते. म्हणून दिल्लीहून अमेरिकेकडे जाणारी विमाने परंपरेने आधी वायव्येला वळत आली. पाकिस्तान व अफगाणिस्तान ओलांडून मध्य आशियात शिरायचे आणि मग उत्तरेची वाट धरायची, हा तो क्रम.

वारा कोणाच्या बाजूने

दुसरा हिशेब वाऱ्याचा. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, युरोप व अटलांटिक महासागरावरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून नेले. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. त्या वेळी जगातील कोणत्याही विनाथांबा प्रवासी सेवेपेक्षा ते अधिक होते. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली आणि तरीही प्रवास जवळपास दोन तासांनी आखूड झाला. पहिले उड्डाण साडेचौदा तासांत पूर्ण झाले. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरहून अधिक येतो. अटलांटिकच्या वाटेवर तो ८५० च्या आतच राहत असे.

विमान तेच, इंजिने तीच. फरक होता तो मध्य अक्षांशांवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान हवेच्या पट्ट्याचा. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जाणारा हाच वारा आपल्याकडे पश्चिमी विक्षोभ आणतो, पंजाब-हरियाणात अवकाळी पाऊस आणि काश्मिरात बर्फ पाडतो. तो पुढे जपानवर पोहोचतो तेव्हा त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरनेच उडत असते, पण ती हवाच पुढे सरकत असल्याने जमिनीवरून पाहणाऱ्याला विमान अधिक वेगाने गेलेले दिसते. वाहत्या नदीतून प्रवाहाबरोबर होडी हाकणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

येथे एक समजूत दूर केलेली बरी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून एका दिशेला जाणाऱ्या विमानाखालून जमीन सरकते आणि प्रवास लवकर होतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि उभे असलेले विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तो वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात.

या वाऱ्यांची पहिली पद्धतशीर नोंद करणारा माणूस जपानी होता. तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून वरच्या हवेचा वेग मोजला. आपले काम जगभर वाचले जावे या इच्छेने त्यांनी १९२६ मधील अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि बहुधा त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात जपानवर उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांची या वाऱ्यांशी गाठ पडली, तेव्हा त्यांना ते नव्याने समजून घ्यावे लागले.

दिल्लीच्या विमानाने जाताना पॅसिफिकवरून आणि परतताना अटलांटिकवरून उडावे, म्हणजे दोन्ही वेळा तोंड पूर्वेलाच, हा त्या वेळच्या आखणीचा गमतीदार परिणाम होता. जाऊन-येऊन प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होई. लांबची वाट धरून वाऱ्यावर स्वार होण्याचा याहून मोठा प्रयोग याच प्रकारच्या विमानाने आधी केला होता. नोव्हेंबर २००५ मध्ये बोईंग ७७७-२००एलआर हे हाँगकाँगहून लंडनला पूर्वेकडून, पॅसिफिक, उत्तर अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून गेले. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे, मध्ये कोठेही न उतरता.

मात्र वारा रोज सारखा नसतो. म्हणून उड्डाणाचा मार्ग कायमचा ठरलेला नसतो. निघण्याच्या काही तास आधी हवामानाचे अंदाज पाहून तो नव्याने आखला जातो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान मध्य आशिया आणि रशिया ओलांडून उत्तर ध्रुव प्रदेशावरून गेले. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणले, तेही ध्रुवावरून. ध्रुवाजवळ वारे तुलनेने मवाळ असतात आणि वाट आखूड पडते. पण तेथे निराळ्याच गोष्टींची काळजी घ्यावी लागते. विमानाचे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते, आणि बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. टाकीतील तापमान घसरू लागले तर वैमानिक खाली, थोड्या उबदार हवेत उतरतो किंवा वेग वाढवतो.

आकाशाला कुंपण

वारा आणि थंडी यांच्याशी जुळवून घेता येते. तिसरा अडसर माणसाने घातलेला आहे. शिकागो येथे १९४४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचे पहिलेच कलम सांगते की, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. कोणत्या देशाच्या विमानाला वरून जाऊ द्यायचे, हे त्या देशाने ठरवायचे. परवानगी दिली तर तो शुल्क घेतो. नाकारली तर विमानाने वळसा घालायचा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या घटनेनंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि ती जुलैच्या मध्यापर्यंत पूर्णपणे खुली झाली नाही. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल विमानाला तर इंधनासाठी दोहाला उतरावे लागत असे. युक्रेन युद्धानंतर, २०२२ पासून, रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना मात्र खुले राहिले. त्याचा परिणाम असा की, युनायटेड या अमेरिकी कंपनीने आपली सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली आणि नेवार्क–मुंबई या दोन्ही सेवा थांबवल्या. रशिया वगळून जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

एअर इंडियाला मिळालेला हा लाभ तीन वर्षे टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश पुन्हा बंद केले. भारतानेही ३० एप्रिलला तसेच प्रत्युत्तर दिले. पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली जात राहिली. दिल्लीहून वायव्येला निघणारे पश्चिमेकडचे विमान आता आधी नैर्ऋत्येला, राजस्थान-गुजरातवरून अरबी समुद्राकडे जाऊ लागले. जेथे जायचे त्याच्या जवळजवळ पाठीकडे तोंड करून प्रवासाचा पहिला तास घालवायचा, असा हा प्रकार आहे. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

वाट दीड-दोन तासांनी लांबली म्हणजे दीड-दोन तासांचे इंधन अधिक भरायचे, इतका सरळ हा हिशेब असता तर प्रश्न मोठा नव्हता. ७७७-२००एलआर विमानाचे उड्डाणसमयीचे कमाल वजन सुमारे ३४७ टन, आणि त्यात इंधन १४५ टनांपर्यंत असू शकते. म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ इंधनाचा. हे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. ढोबळ ठोकताळा असा की, विमानात जास्तीचे जे वजन चढवले जाते त्याच्या तीन ते चार टक्के इंधन ते वजन वाहण्यात दर तासाला खर्ची पडते. सोळा तासांच्या प्रवासात शेवटच्या तासासाठी राखून ठेवलेल्या एका टनाची किंमत यावरून लक्षात यावी. त्यात दिल्लीचा उन्हाळा आडवा येतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोरही घटतो, आणि त्याच धावपट्टीवरून विमानाला जानेवारीत जेवढे वजन घेऊन उडता येते तेवढे मे महिन्याच्या दुपारी येत नाही. लांब पल्ल्याची बरीचशी विमाने रात्री किंवा पहाटे निघतात, त्याची अनेक कारणे आहेत. थंड हवा हे त्यांपैकी एक.

इंधन मावेनासे झाले, की एक तर सामान आणि प्रवासी कमी करावे लागतात किंवा वाटेत उतरावे लागते. एअर इंडियाच्या अमेरिका व कॅनडाकडे जाणाऱ्या अनेक विमानांना २०२५ मध्ये व्हिएन्ना आणि कोपनहेगन येथे थांबे घ्यावे लागले, ते याचमुळे. थांबा घेतला की फक्त इंधन भरण्याचा वेळ वाढत नाही. उतरणे, थांबणे, पुन्हा रांगेत लागून उडणे यांत दीड-दोन तास सहज जातात, आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाण्याची वेळ येते. इतक्या लांबच्या उड्डाणात सहसा चार वैमानिक असतात; दोघे विमान चालवतात तेव्हा दोघे विश्रांती घेतात. तरीही मर्यादा पुरत नसेल, तर ताज्या दमाचे वैमानिक आणि सेवक थांब्याच्या गावी आधीच नेऊन ठेवावे लागतात. हा खर्च तिकिटात उतरतो, किंवा सेवाच बंद होते. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, तेव्हा विमानांच्या टंचाईबरोबर बंद हवाई हद्दीचेही कारण दिले होते.

मगदानचे दोन दिवस

मोकळ्या आकाशातून विमान कोठूनही जाऊ शकते, असेही नाही. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर हाताशी ठेवावा लागतो. १९५० च्या दशकात अमेरिकेने ही मर्यादा साठ मिनिटांची ठेवली होती. इंजिने भरवशाची होत गेली तशी ती वाढली. १९८५ मध्ये १२० मिनिटे, पुढे १८० मिनिटे, आणि २०११ मध्ये बोईंग ७७७ ला ३३० मिनिटांपर्यंत मान्यता मिळाली. पॅसिफिक आणि आर्क्टिक प्रवासी विमानांना खरे मोकळे झाले ते या आकड्यांमुळे. ज्यांची नावेही प्रवाशाने ऐकलेली नसतात, असे सायबेरियातील विमानतळ त्याच्या प्रवासाच्या आखणीत म्हणूनच आधीपासून हजर असतात.

६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड जाणवला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान येथे सुखरूप उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्यात होते. लहानशा शहरात एवढ्या लोकांची सोय हॉटेलांत होणे शक्य नव्हते, म्हणून अनेकांना वसतिगृहासारख्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. कंपनीने मुंबईहून दुसरे विमान पाठवले. ते प्रवाशांना घेऊन ८ जूनला सकाळी साडेदहाच्या सुमारास मगदानहून निघाले आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा तेथे ८ जूनच होता, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. घड्याळावर विश्वास ठेवायचा, तर हे प्रवासी निघण्याच्या दहा तास आधी पोहोचले. उड्डाण प्रत्यक्षात साडेसात तासांहून थोडे अधिक चालले. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली गेली होती.

तिकीट वाचताना गोंधळ होतो तो याच घड्याळाचा. त्यावर छापलेल्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. सॅन फ्रान्सिस्को भारतापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, तेथील घड्याळे तासभर पुढे केलेली असताना, साडेबारा तास. समजा, जुलैत विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघून त्याच तारखेला सकाळी साडेसातला पोहोचणार आहे. वरवर पाहता साडेतीन तास दिसतात. त्यांत साडेबारा मिळवले की खरा प्रवास सोळा तासांचा निघतो. परतीला उलट. सकाळी १० ला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पोहोचत असेल, तर मधल्या साडेअठ्ठावीस तासांतून साडेबारा वजा करायचे, उत्तर पुन्हा सोळा. हा वेळ विमानाने जागा सोडल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात धरलेली असते. म्हणून विमान आकाशात प्रत्यक्ष किती वेळ होते, तो आकडा नेहमी थोडा कमी भरतो.

तिकीट घेताना आणखी एक शब्द नीट पाहावा. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ हे दोन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात, पण विमान कंपन्यांच्या भाषेत ते वेगळे आहेत. नॉन-स्टॉप म्हणजे वाटेत न उतरणारे. डायरेक्ट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक शेवटपर्यंत एकच राहील, एवढेच. विमान मध्ये उतरू शकते, आणि प्रवाशाला कधी आत बसून राहावे लागते तर कधी उतरावेही लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीकडे निघालेले जे विमान तांत्रिक कारणाने मंगोलियातील उलानबाटरला उतरवावे लागले, ते मुळातच कोलकात्याला थांबून दिल्लीला येणार होते. वृद्ध प्रवाशांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवताना, औषधे हातातल्या पिशवीत किती ठेवायची ते ठरवताना, किंवा दिल्लीहून नागपूर-इंदूरचे पुढचे तिकीट काढताना आधी थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे की एक, ते पाहून घ्यावे. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तो रकाना पुन्हा एकदा पाहावा.